नाक मुरडून

प्रतिभाताईंना प्रेमकथांची शिसारी यायची, आणि पोट भरत होतं ते त्याच प्रेमकथांवर. गंगापूर रोडवरच्या एका प्रकाशकाकडून दर महिन्याला कादंबऱ्यांची प्रुफं तपासायला त्यांच्या घरी येत. नायकाचे डोळे खोल, नायिकेचे केस ओले, आणि दोघांना जन्मात कधी ढेकर येत नाही की पोट बिघडत नाही. नायकाच्या श्वासात मोगरा दरवळला की ताईंचा पारा चढायचा. ‘मोगरा कसला, मेल्यानं दात तरी घासले होते का?’ असं पुटपुटत त्या लाल पेन चालवायच्या.

म्हणूनच लेक आरोही म्हणाली, "आई, माझं अमोलवर प्रेम आहे," तेव्हा ताईंनी नाक मुरडलं. मुलगा चांदवडचा, घरची कांद्याची शेती, नाव ठेवायला जागा नव्हती. पण तो ‘प्रेम’ शब्द! त्यात रविवारी आरोही चांदवडहून परतली ती अंगाला सडक्या कांद्याचा भपकारा घेऊन. ताईंनी तिला दारातूनच न्हाणीघरात पिटाळलं आणि तिचा ड्रेस बादलीत बुडवला. तिथे काय केलंस, हे विचारायचीही त्यांना इच्छा झाली नाही.

"उद्या ते लोक बोलणी करायला येणार ना? येऊ नका म्हणून कळव," आज सकाळी त्यांनी सांगून टाकलं. "ही असली पुस्तकी प्रेमं महिनाभर टिकत नाहीत."

"संध्याकाळी फोन करते," आरोही म्हणाली आणि खोलीत जाऊन बसली.

दुपारी ताईंनी नवी प्रुफं पुढे ओढली. पुन्हा प्रेमकथाच. त्यांनी आधीच नाक मुरडून ठेवलं. गोष्ट घोटीकडच्या खंडेराव आणि कुसाबाईची होती. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहून कुसाबाईच्या पायांना चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्या कुजलेल्या. खंडेराव ओसरीवर जेवत असतो. "पाय हाय का मेलेली घूस? लय घाण मारतंय," असं म्हणून तो ताट घेऊन लांब सरकतो. ताईंना वाटलं, चला, निदान हा खरं तरी बोलला. मग खंडेराव हात धुतो, तेल कोमट करून आणतो आणि तिचा पाय मांडीवर घेतो. तोंड फिरवून, श्वास रोखून, शिव्या घालत तो एकेका बेचकीत तेल-हळद भरतो. मधेच उठून अंगणात थुंकून येतो आणि दुसरा पाय मागतो.

ताईंना किळस आली. पण पान उलटायचा हात थांबेना. प्रकरण संपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लाल पेनचं टोपण अजून काढलेलंच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ‘लाज वाटली पाहिजे,’ त्या स्वतःवरच चिडल्या. सगळं पुन्हा तपासावं लागणार होतं, आणि डोळ्यांत पाणी होतं ते वेगळंच.

त्या उठून आरोहीच्या दारात गेल्या. ती फोन हातात धरून बसली होती.

"केलास?"

"आता करतेय."

"थांब. रविवारी तिकडे काय करत होतीस?"

"कांदे साठवायच्या चाळीत सडके कांदे निवडत होते. कामाची माणसं आली नव्हती त्यांची. अमोल म्हणाला, नाकाला ओढणी बांध अन् कोरड्या बाजूला बस. ओल्या बाजूला तो बसला."

"आणि तुला सोसला तो वास?"

"नाही. ओकले मी. त्याच्या बुटांवर."

ताईंनी पदर नाकाला लावला. "मग?"

"त्यानं बूट धुतले, मला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाला, ‘चूळ भर अन् बस. अजून निम्मी चाळ हाय.’"

"बसलीस?"

"बसले."

"शी," ताई म्हणाल्या. त्यांनी तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, "लाव फोन. उद्या जेवायलाच या म्हणावं. आणि त्याला सांग, बूट बाहेर काढायचे."