टोरांटोची हजेरी

देवयानी लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या एका होस्टिंग कंपनीत होती. ज्याचं त्याचं खातं उघडायचं, त्याच्या वेबसाइटवर किती लोक येतात ते मोजणारं साधन चालू करायचं, बिघडलं तर नीट करायचं, हे तिचं काम. त्यातलं एक खातं वडिलांचं होतं. बँकेतून निवृत्त झालेले गजाननराव जयपूरच्या आदर्श नगरात एकटे राहत आणि आपल्या वेबसाइटवर रोज चार ओळी लिहीत.

लिहीत ते अभिजितसाठी. हा देवयानीचा धाकटा भाऊ. आईच्या आजारपणात तो आला नाही, त्यावरून बापलेकांचं फाटलं आणि तो टोरांटोहून फोनही करेनासा झाला. पण आकड्यांच्या पानावर रोज सकाळी 'टोरांटो, एक' असं उमटायचं. मग गजाननरावांचा देवयानीला फोन. "अभिची हजेरी लागली बरं का. आता मी मुद्दाम 'मतलब', 'अच्छा' घालून लिहितो. जयपुरात वाढलेला पोरगा, अडखळायला नको." जन्मभर शुद्ध मराठीवरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस!

ती हजेरी एका प्रोग्रॅमची होती. साइट बंद पडली तर कळावं म्हणून तो देवयानीनंच लावला होता आणि तो टोरांटोतल्या सर्व्हरवरून रोज एकदा साइट उघडून बघे. वडिलांचा खुललेला आवाज ऐकून खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

मग कंपनीनं जुनं साधन मोडीत काढलं. नवं फक्त माणसं मोजतं, आणि मागचं वर्षही नव्यानं मोजून दाखवतं. म्हणजे टोरांटोची हजेरी पुसली जाणार होती. देवयानीनं अभिजितला फोन लावला.

"एकदा तरी त्यांची साइट उघड रे. बाबा वाट बघतात."

"ताई, तो विषय नको," म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी ती आदर्श नगरला गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. गजाननराव रागावले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना. त्यांनी चष्मा चढवून नवं पान उघडलं. वर्षाच्या बेरजेवर बोट ठेवलं.

"वर्षभरात शून्य," ते म्हणाले. "माझं घर यात धरत नाहीत ना?"

"नाही बाबा. तुमचं इंटरनेट मी वगळून ठेवलंय."

"आणि तुझं? जवाहर नगरच्या घरचं?"

"माझं कशाला वगळीन? ते धरतंच की," देवयानी म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. वर्षभर तिनं ते खातं सांभाळलं होतं. त्यातली एक ओळही वाचली नव्हती.

तिला रडू फुटलं. गजाननरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे गं," ते म्हणाले. "तुला कामं असतात."