अंग सोडा

हितेंद्रला कुठलंच आसन कधी अवघड गेलं नव्हतं. परळच्या व्यायामशाळेत, मल्लखांबावर वाढलेलं अंग ते. वाक म्हटलं की वाकायचं. तिशी उलटल्यावर त्याने कुरिअरची नोकरी सोडली आणि दादरला शैलाताईंकडे योगशिक्षकाचं शिक्षण सुरू केलं. बाकीचे मांडी घालतानाच कण्हत असायचे, तेव्हा हा पद्मासनात बसून घड्याळाकडे बघत असायचा.

सरावासाठी शैलाताईंनी त्याला भोईवाड्यातला वर्ग दिला. देवळामागच्या खोलीत साठीपुढच्या बायका जमायच्या. हितेंद्र आधी स्वतः आसन करून दाखवायचा, बायका कौतुकाने बघायच्या, आणि मग एकीलाही ते जमायचं नाही. "अंग सोडा," तो म्हणायचा. "उगाच ताठ धरलंय तुम्ही. नुसतं सोडायचं, बस." यात न जमण्यासारखं काय आहे, हे त्याला खरोखरच कळत नसे.

एका सकाळी सोनूबाईंचा हात कानाशी येऊन अडला.

"हयसरच जाता रे, मास्तरा," त्या म्हणाल्या.

हितेंद्रने मागून मनगट धरलं आणि हात हलकेच वर ओढला. हलकेच, म्हणजे त्याच्या हिशेबाने. सोनूबाई ओरडल्या नाहीत. मटकन खाली बसल्या आणि खांदा धरून राहिल्या.

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. संध्याकाळी फळं घेऊन हितेंद्र त्यांच्या चाळीत गेला. दार सुनेने, आकांक्षाने उघडलं.

"आई झोपल्यात," ती म्हणाली. पिशवी तिने घेतली नाही आणि आतही बोलावलं नाही.

तो तसाच दादरला गेला. "चुकलं माझं, ताई. पण एवढंसं ओढल्याने…"

"तुझं एवढंसं," शैलाताई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हितेंद्र, तुला काय येत नाही?"

त्याला बराच विचार करावा लागला. "पोहणं. पाण्याची भीती वाटते."

"मग पोहायला शिक. तोवर वर्ग मी घेते."

तलावावर शिकवायला बुद्धभूषण नावाचा एक धिप्पाड, कमी बोलणारा माणूस होता. उथळ पाण्यात उभं करून त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाठीवर पडा. अंग सोडा."

"सोडलंय," हितेंद्र म्हणाला.

"कुठं सोडलंय? मान बघा, लाकूड झालंय."

हितेंद्रने पुन्हा प्रयत्न केला. नाकात पाणी गेलं, पाय आपोआप तळ शोधू लागले, त्याने कठड्याचा गज पकडला. जन्मभर ऐकत आलेलं अंग आज ऐकत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. 'अंग सोडा' ऐकलं की त्याला आता चीड यायची. सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी सांगेल का?

मग एकदा बुद्धभूषणने सांगणंच बंद केलं. हितेंद्रच्या डोक्याखाली तळवा धरला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तेव्हाच काढीन."

हितेंद्रने डोळे मिटले. मान त्या तळव्यावर हळूहळू जड होत गेली, मग खांदे. त्या दिवशी त्याने हात काढायला सांगितलंच नाही, आणि बुद्धभूषणनेही तो काढला नाही.

घरी जाण्याआधी तो भोईवाड्यात वळला. सोनूबाई दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. गळ्यातली पट्टी निघाली होती.

"माका वाटला, पळान गेलंस."

"नाही आजी. पोहायला शिकतोय."

"जमता?"

"नाही जमत अजून."

सोनूबाई मनापासून हसल्या. आतून आकांक्षाने डोकावून पाहिलं आणि थोड्या वेळाने, न विचारता, चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला.

सोमवारी शैलाताईंनी वर्ग त्याच्या हाती दिला आणि स्वतः दाराशी बसल्या. सोनूबाई भिंतीजवळच्या खुर्चीवर होत्या. हितेंद्र काहीच करून दाखवायला गेला नाही. त्यांच्या कोपराखाली त्याने नुसता आपला हात धरला. "कुठवर न्यायचा ते तुम्ही सांगा."

हात खांद्यापर्यंत आला. "पुरे," सोनूबाई म्हणाल्या.

"पुरे," तोही म्हणाला.

शेजारच्या बाईने आपला गुडघा दाखवला, मग तिच्या पलीकडचीने कंबर. तास संपला तेव्हा जेमतेम दोन आसनं झाली होती, पण बायका गप्पा मारत रेंगाळल्या होत्या आणि कुणालाच चपला घालायची घाई नव्हती.

शैलाताईंनी त्याला प्रमाणपत्र त्याच्या तुकडीबरोबर दिलं नाही, पुढच्या तुकडीबरोबर दिलं. त्याने कारण विचारलं नाही.