शिंपल्यातला भुंगेरा

मी समुद्रातला शिंपला, पण बोलतोय संतपूरहून. खरं तर मी अर्धाच आहे. माझं जोडीचं झाकण लाटांनी कुठं नेलं, ठाऊक नाही.

गाणगापूरच्या एका दुकानातून कमलबाईंनी मला घरी आणलं. त्यांची लेक शिवकन्या सातव्या महिन्यातच जन्मली होती. तिला ओढून दूध पिता येईना. माझ्या कडेनं थेंब थेंब पाजत कमलबाईंनी तिला जगवलं. पुढं मी भिंतीतल्या देवळीत पडून राहिलो, पण मला कुणी फेकलं नाही.

आता शिवकन्या कमलनगरच्या शाळेत विज्ञान शिकवते. यंदा श्रावणात धड्याच्या तयारीसाठी तिनं मला धुतलं आणि बांधावरच्या गाजरगवतातला एक भुंगेरा माझ्यात ठेवला. इवलासा, पिवळट पाठीवर काळपट रेघा.

"आई, बघ. ह्याच्या पाठीवर बी दोन टणक झाकणं हायत. शिंपल्यात मऊ जीव राहतो, ह्याच्या झाकणांखाली पातळ पंख."

मला जरा हेवाच वाटला. माझ्यातला जीव बिनडोक्याचा. वाळूत रुतून पाणी गाळत बसायचा. हा तर उडणारा!

तेवढ्यात तिचे वडील गुंडेराव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन निघाले. "असलेच किडे बांधभर झालेत. सोयाबीनवर यायच्या आत फवारतो."

"कामून मारायलाव, अप्पा? हे गाजरगवत खातंय. सोयाबीनला तोंड बी लावत न्हाई."

"पुस्तकातलं सांगू नको मला."

तेव्हा कमलबाई पुढं झाल्या. त्या गवतानं पुरळ उठून त्यांचे हात कोपरापर्यंत फुटले होते. दोन वर्षं शेतात पाय टाकता आला नव्हता. "एक दिवस थांबा की ओ. माझ्या हाताकडं तर बघा."

गुंडेरावांनी पंप उतरवला. शिवकन्येनं माझ्यात एक पान सोयाबीनचं, एक गाजरगवताचं ठेवलं आणि वर चहाची गाळणी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी गाजरगवताच्या पानाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. सोयाबीनचं पान सुकलं होतं, पण त्याला एक भोकही नव्हतं. गुंडेरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"व्हय गं पोरी," ते हळूच म्हणाले, "मी तर राखणदारच मारायलो होतो." आणि स्वतःच मला बांधावर नेऊन भुंगेरा सोडून आले.

गवत एकदम गेलं नाही, पण विरळ झालं. परवा कमलबाई शेतात जाऊन आल्या. घरी येऊन त्यांनी आपले नितळ हात पुढं केले, नवऱ्याला दाखवले, आणि दोघंही हसले.

अर्धा असूनही मला जपणाऱ्या या माणसांचे उपकार मी कसे फेडू? आज शेजारची निलम्मा आलीय. "अक्का, तुमचा शिंपला द्या. चार भुंगेरे आमच्या बांधाला न्यायलेव."

तर येतो मी. तुम्हीही फवारण्याआधी एक दिवस थांबून बघा, एवढंच मागणं. आणि निलम्मा, गाळणी घट्ट धर गं, एक जण पंख उघडायलाय!