केवळरामजींची थैली

केवळरामजी लांजेवार रिटायर झाले तेव्हा गावातल्या मोठ्यांनी त्यांना हार घातला आणि पोरांनी सुटकेचा श्वास सोडला. केवळरामजी म्हणजे देवी टोचणारे, आमच्याकडच्या बोलीत टीकेवाले. लाखनीपासून थेट रानाकडच्या टोल्या-वस्त्यांपर्यंत सायकल हाणत जायचं, पोरं शोधून काढायची, धरायची आणि दंडावर ती गोल फिरकीची सुई दाबून फिरवायची, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. मी धान साठवायच्या ढोलीत लपलो होतो, तिथूनही त्यांनी मला पायाला धरून वर काढलं. चार वण अजून दंडावर आहेत. माणूस तसा मऊ होता, पण हे आम्हाला कळायला आधी थांबायला तर हवं होतं.

हे सत्त्याहत्तर सालचं. त्याच्या आदल्या वर्षी नसबंदीची धामधूम चालली होती, त्यामुळे खाकी थैली दिसली की पोरांच्या पुढे बापच पळत. तेवढा शेवटचा बहुमान घेऊन केवळरामजी घरी बसले. सुया आणि स्पिरिटचा दिवा त्यांनी सरकारला परत केला. थैली मात्र स्वतःच्या पैशाने शिवलेली, म्हणून ती राहिली. तिच्यात आता तंबाखूची डबी, फुटाणे आणि एक छत्री असे. स्पिरिटचा वास काही केल्या जाईना.

घरी बसायचं त्यांना जमेना. सकाळी उठून ते पळी, झारा, सांडशी सगळं उकळत्या पाण्यात टाकायचे आणि त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, चहाला भांडं सापडायचं नाही. महिनाभर त्या बाईने सोसलं. मग सरळ सांगितलं की काही तरी काम पाहा, नाही तर मी माहेरी जाते, आणि या वयात माहेरी जाणं बरं दिसणार नाही.

काम पाहायला ते निघाले. भैय्यालालच्या किराणा दुकानात बसायचं ठरलं. हिशेबाला चोख माणूस, भैय्यालाल खूश. पण आमच्याकडे तेल-गूळ आणायला घरोघर पोरं पाठवतात. पोरं कोपऱ्यापर्यंत येत, गल्ल्यावर कोण बसलंय ते पाहत आणि घरी जाऊन दुकान बंद आहे म्हणून सांगत. चौथ्या दिवशी भैय्यालालने हात जोडले. मग राईस मिलमध्ये देखरेखीचं काम मिळालं. तिथे बाया कडेवर लेकरं घेऊन येत. केवळरामजी फाटकाशी उभे राहिले की लेकरं असं भोकाड पसरत की मिलच्या पट्ट्याचा आवाजही ऐकू येत नसे. मिलवाल्याने विचारलं, तुम्ही चेहरा झाकून उभे राहाल का? केवळरामजींनी तिथूनच सायकल वळवली.

कोणीतरी सुचवलं, तुम्हाला चाळीस गावांतली घरं माहीत, सोयरिकी जुळवा. हे त्यांना फार आवडलं. पहिलीच मुलगी आमच्या आळीतली ललिता. पाहुणे ओसरीवर बसले, पोहे आले, आणि मध्यस्थ म्हणून केवळरामजी थैलीसकट अंगणात शिरले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणाऱ्या ललिताने त्यांना पाहिलं, ट्रे होणाऱ्या सासऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि मागच्या दाराने जी सुटली ती थेट बांधीत, धानाच्या चिखलात. अठरा वर्षांची घोडी! पण पाय डोक्याला विचारून थोडेच पळतात. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजलं. होणारा सासरा तो गरम चहा पुसत आल्या वाटेने परत गेला.

त्या रात्री केवळरामजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी समजूत काढायला गेलो तर म्हणाले, "मी या लोकायचं वाईट तं नाई केलं रे. देवीनं कितीक पोट्टे गेले असते. पन एका घरानं कधी मले बसा म्हनून चहा नाई पाजला. आलो का पळापळ, गेलो का दार बंद."

आमच्या घरानेही पाजला नव्हता.

त्या हिवाळ्यात गावचा शंकरपट आला. धान घरात आलं की आमच्याकडे बैलांच्या शर्यतींचा पट भरतो. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं फुगतात, रात्री नाटक असतं. पण बैलजोड्या जिच्यावरून धावतात त्या मोकळ्या पट्टीवर, म्हणजे दाणीवर, पब्लिक घुसतं. आदल्या साली एक पोरगं छकड्याखाली येता येता वाचलं होतं, म्हणून हवालदाराने बजावलं होतं की यंदा दाणीवर पोरगं दिसलं तर पट बंद. भोजराजजी पाटील पटाचे अध्यक्ष आणि मी लाउडस्पीकरवर. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. हवालदाराने काठी फिरवली. लोक पुढून हटत आणि मागून भरत. जोडी फुरफुरत उभी, हाकणारा शिव्या देत उभा आणि भोजराजजींचा रंग उडालेला.

इतक्यात केवळरामजी दाणीवर उतरले. त्यांना पलीकडच्या चहाच्या टपरीवर जायचं होतं, बाकी काही मनात नव्हतं. ते दाणीवरून रमतगमत निघाले आणि पुढे पोरांची किंकाळी उठली. "टीकेवाला आला रे!" पोरं दोन्ही अंगांनी उधळली. पोरांच्या मागे आया धावल्या. मिशीवाले बापे डावा दंड उजव्या हाताने झाकून मागे सरले आणि मग इकडेतिकडे पाहून हात खाली घेतला. माझाही हात दंडावर गेला होता, माइक पडला. केवळरामजी टपरीवर पोचले तेव्हा मागे दाण धुवून काढल्यासारखी मोकळी होती.

भोजराजजी त्यांच्या मागे पळत गेले. सगळ्या जोड्या सुटेपर्यंत हेच काम करा, बिल्ला आत्ताच देतो, पुढच्या वर्षीपासून कमिटीत घेतो, शेला देतो.

केवळरामजींचा चेहरा उतरला. "लोकं मले पाहून पळतात, त्याचीच नोकरी देऊन राहिले का तुमी मले?"

ते घरी निघून गेले. पण रुखमाबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "जा नं अवो," त्या म्हणाल्या, "तिकडं पोट्टे पळतीन, नाई तं इकडं मी पळतो."

आणि ते आले. बिल्ला लावून, थैली खांद्याला अडकवून दाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. त्या वर्षी आमचा पट निर्विघ्न झाला. मग काय, दिघोरीचं बोलावणं आलं, लाखनीचं आलं. हिवाळाभर माणसाला उसंत नसे. रुखमाबाईंची भांडी सुखाने स्वयंपाकघरात राहू लागली. केवळरामजी बिल्ल्याला पॉलिश करू लागले. पण त्यांच्या तोंडावर हसू मी कधी पाहिलं नाही.

असे सहा-सात पट गेले. चौऱ्याऐंशीच्या पटात जोडी झेंडी पडायची वाट पाहत उभी होती आणि केवळरामजी दाणीवर उतरले. मोठे नेहमीसारखे दंड सांभाळत हटले, पण दाणीच्या मधोमध चिल्ल्यापिल्ल्यांची एक रांग तशीच राहिली. केवळरामजी अगदी जवळ गेले. त्यांनी थैली पुढे केली. पोरं आणखी पुढे आली.

एका फ्रॉकवाल्या पोरीने थैलीला हात लावला. "आजा, याच्यात काय हाय जी?"

मी स्पीकरवरून बोंबलत होतो, भोजराजजी माझ्या कानाशी बोंबलत होते. आमचा टीकेवाला मोडीत निघाला, पट गेला, एवढंच आम्हाला दिसत होतं. केवळरामजी मात्र गुडघे मोडून खाली बसले. त्यांनी पोरीच्या फ्रॉकची बाही वर सारली. दुसऱ्या पोराची सारली, तिसऱ्याची सारली. एकाच्याही दंडावर देवीचा वण नव्हता. देवीच राहिली नव्हती, तर सुई कोण टोचणार? या लेकरांना पळायचं कारणच कोणी दिलं नव्हतं.

बैल दावं ओढत होते. मला वाटलं म्हातारा आता रडतो. त्यांनी थैली उघडली आणि फुटाण्याची मूठ बाहेर काढली. "या माझ्या मांगं," ते म्हणाले, आणि उठून दाणीच्या बाहेर चालू लागले. सगळी रांग त्यांच्या मागे निघाली. झेंडी पडली, जोडी सुटली, आणि ती धूळ उडवत गेली तेव्हा दाणीवर चिटपाखरू नव्हतं.

पोरं पळसाखाली केवळरामजींना चिकटून बसली होती. मी माइक सोडून तिकडे गेलो. त्या फ्रॉकवाल्या पोरीला शोधत तिची आई आली. पाहतो तर ललिता, सौंदडला दिलेली, पटासाठी माहेरी आलेली. केवळरामजींना पाहून ती जागीच थबकली. हात सवयीने दंडावर गेला. केवळरामजींनीही तिला ओळखलं आणि ते कपडे झटकत उठायला लागले, तिला पळावं लागू नये म्हणून.

ललिताने हात खाली घेतला. "बसा नं काकाजी," ती म्हणाली. "मी चहा आनतो."

टपरीवरून ती खरंच चहा घेऊन आली. केवळरामजींनी तो बशीत ओतला आणि फुंकर घालत बसले. दाणीवरून पुढची जोडी गेली, लोकांनी गलका केला. त्यांनी मान वर केली नाही. पोरीने त्यांच्या थैलीत हात घालून उरलेले फुटाणे काढले, तरी त्यांचं चहावरून लक्ष हललं नाही.