दादाला न जमणारा पाठ

कार्यालयात ती मॅडम होती. घरी मात्र चाळिशी जवळ आली तरी धाकटीच. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. जे इतरांच्या वेगाने शिकत नाहीत त्यांच्यासाठी ती अभ्यासक्रम लिहायची. पहिलीतल्या मुलीपासून टक्कल पडलेल्या बाप्यांपर्यंत सगळे तिच्या वयोगटांच्या तक्त्यात बसायचे. मोठ्यांच्या पाठात ससे, फुगे, बदकं दिसली की ती चवताळायची. "मिशा आलेल्या माणसाला बदकं मोजायला लावता? लाज नाही वाटत?" असं तिने चित्रकाराला भर बैठकीत सुनावलं होतं. तेव्हापासून चित्रकार तिला बदकवाली म्हणायचा, अर्थात पाठीमागे.

एवढं तिच्या नाकाला मिरच्या झोंबायचं कारण म्हणजे दादा. तिच्याहून मोठा. बोलायला सावकाश, समजायला सावकाश, हसायला मात्र सगळ्यांच्या आधी. ती पहिलीत गेली तेव्हा त्याने तिचं दप्तर उचललं. चौथीत जाईपर्यंत ती अभ्यासात त्याला मागे टाकून गेली होती, पण दप्तर तोच उचलायचा. थोरला भाऊ होता ना तो.

कार्यालयाचा नियम असा की छपाईला जाण्याआधी प्रत्येक पाठ खऱ्या शिकणाऱ्यावर करून बघायचा. बाकीचे त्यासाठी शाळांचे उंबरठे झिजवत. हिला घरचाच शिकणारा मिळाला होता. पाठ तयार झाला की शनिवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आईकडे जायची आणि दादासमोर चित्रांची कार्डं मांडायची. जमलं तर पाठ पास, आणि ती पुढचा पाठ लिहायला मोकळी. नाही जमलं तर पायऱ्या आणखी बारीक करून पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

कपडे धुण्याच्या मशीनचा पाठ मात्र दादाला काही केल्या जमेना. कधी तो लाल मोजा पांढऱ्या कपड्यांत टाकायचा, कधी साबण भलत्याच कप्प्यात ओतायचा, कधी दार उघडं ठेवून बटण दाबत बसायचा. पाठाच्या सात पायऱ्यांच्या बघता बघता एकोणीस झाल्या. धाकटीने एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि स्वतःच्या या सहनशीलतेचं तिला भारी कौतुक होतं. शेवटी तिने पाठाखाली लिहून टाकलं, 'या पातळीच्या प्रौढांना मशीन वापरताना सतत सोबत हवी.'

हे एक वाक्य महागात पडणार होतं. दादा जायचा त्या प्रौढांच्या शाळेत लाँड्री सुरू होत होती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, आणि महिन्याला खरा पगार. पण काम त्यालाच, जो सोबतीशिवाय मशीन लावेल, आणि ते ठरणार होतं हिच्याच पाठावरून. दादाला तिथला निळा एप्रन फार आवडला होता. "तो मला बसतो," तो येईल त्याला सांगायचा.

एका बुधवारी लाँड्रीच्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, रागावू नका, पण तुमच्या पाठाने आमची मंडळी पेंगायला लागलीत. दोघींनी तर तिसऱ्या कार्डालाच मशीन लावून टाकलं. मलाच त्यांना थांबवावं लागलं. सतत सोबत हवी असं लिहिलंय ना तुम्ही. रडल्या हो बिचाऱ्या. कुणासाठी लिहिलाय हा पाठ?"

"मी स्वतः करून बघितलाय तो," धाकटी ताडकन म्हणाली.

"किती जणांवर?"

धाकटीने रागाने फोनच ठेवून दिला. कार्डं उचलून ती तशीच आईकडे निघाली. पुन्हा एकदा करून बघायचं आणि त्या बाईंना पुराव्यानिशी गप्प करायचं, असं तिने ठरवलं होतं.

स्वतःच्या किल्लीने तिने दार उघडलं आणि बॅग खुर्चीवर टाकली. समोर मोरीत दादा कपडे निवडत होता. पांढरे एका बादलीत, रंगीत दुसऱ्या. शर्टाचा खिसा चाचपून त्याने एक चुरगळलेलं तिकीट काढलं आणि खिडकीत ठेवलं. निम्मे पांढरे मशीनमध्ये टाकून त्याने साबण बरोबर कप्प्यात घातला. दार लावलं, खटका वाजला की नाही ते कान देऊन ऐकलं, मग बटण दाबलं. कार्ड एकही नव्हतं. आई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होती आणि तिचं इकडे लक्षसुद्धा नव्हतं.

धाकटीने आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "आई, हे कधीपासून?"

"झाले की बरेच महिने."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"त्याने शपथ घातली होती गं. फोन लावायचा पाठ त्याने एका फटक्यात केला होता, आठवतंय? पुढल्या शनिवारी येते म्हणालीस, आणि उगवलीस ती थेट माझा पाय मुरगळला तेव्हा."

"कामं होती आई."

"मी कुठे काय म्हणतेय? पण त्याने ते बघितलं. जमलं की तू येत नाहीस. चुकलं की येतेस, शेजारी बसतेस, गोड बोलतेस. मग चुकायला लागला."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दोघी तिच्यामुळे रडल्या होत्या. दादाचा एप्रन तिच्यामुळे खुंटीवर राहणार होता. आणि दादाने तिला जवळ बसवून घ्यायला स्वतःला मठ्ठ ठरवून घेतलं होतं, शनिवारमागून शनिवार, तिच्या कौतुकाच्या सहनशीलतेसमोर. मोठ्यांना बदकं देऊ नका म्हणून भांडणारी ही बाई! पण दादा मुद्दाम चुकू शकतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिथूनच तिने लाँड्रीच्या बाईंना फोन केला. "पाठ चुकलाय. माझाच चुकलाय. ते वाक्य खोडा आणि त्या दोघींना मशीन लावू द्या. मी नव्याने लिहिते, तुमच्या सगळ्यांबरोबर बसून."

"आणि तुम्ही ज्यांच्यावर करून बघितला ते?"

"त्याचं उद्या कळवते," ती म्हणाली. त्याला विचारल्याशिवाय तिला बोलवेना.

मशीनची पहिली खेप होईपर्यंत ती स्वयंपाकघरातच बसून राहिली, मग मोरीच्या दाराशी आली. मशीन थांबलं होतं आणि दादा दुसऱ्या खेपेचे पांढरे कपडे आत घालत होता. तिला बघून तो दचकला.

"आज शनिवार नाही," तो म्हणाला, आणि घाईघाईने रंगीत बादलीतला लाल मोजा उचलून त्याने पांढऱ्यांत कोंबला.

"राहू दे दादा. मी मघाशी बघितलं."

त्याचे कान लालबुंद झाले. "चुकून जमलं," तो म्हणाला.

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू. ती ओल्या फरशीवरच बसली. "दादा, तुला लाँड्रीत जायचंय ना?"

"हो. एप्रन मला बसतो."

"मग मला नीट लावून दाखव. दाखवलंस तरच त्यांना सांगता येईल. मी येत जाईन."

"पाठ संपला तरी?"

"संपला तरी."

"फोनच्या वेळी पण म्हणालीस."

म्हणाली होती. याच घरात, याच आवाजात. आता काय सांगितलं तर ते खरं वाटेल, हे तिला कुठल्याही पाठात सापडणार नव्हतं. दादाने मशीनकडे बघितलं. मग एकदा तिच्याकडे.

त्याने आत हात घातला, लाल मोजा काढला आणि रंगीत बादलीत टाकला. साबण घातला. दार लावलं. खटका ऐकला. बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं.

मग ओले हात विजारीला पुसून तो बाहेरच्या खोलीत गेला, खुर्चीवरची तिची बॅग खांद्याला अडकवून घेऊन आला आणि दाराशी उभा राहिला.

"जमलं मला," तो म्हणाला. "आता तू जा."