चौथ्याची वेळ

शर्यतींचे नियम बनवणाऱ्या मंडळींना एकदा उघड्या माळावर, समोरचा वारा अंगावर घेत सायकल चालवायला लावलं पाहिजे. म्हणे लोक कंटाळलेत, म्हणून दर हंगामात नवं खूळ. गेल्या वर्षी जोड्याजोड्यांनी पळवलं. यंदा सांघिक: सहा जणांनी एकत्र निघायचं आणि जो चौथा रेषा ओलांडेल, त्याची वेळ ती संघाची वेळ. पहिला विमानासारखा आला तरी त्याला कुणी विचारत नाही.

हे मी, संघाचा प्रशिक्षक, कुणाला समजावणार? तर दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि आमच्या संघातले सगळ्यात जुने सायकलपटू. त्यांचं काम एकच. पुढे राहून वारा खायचा, मागच्यांना आडोसा द्यायचा, आणि शेवटच्या वळणावर मी रेडिओवर "दाजी, सुटा!" म्हटलं की कोपर हलवायचं. कोपर हलवलं म्हणजे ‘ये पुढे, माझं झालं.’ मग मागचा सुसाट जाऊन जिंकतो, आणि दाजी बाजूला होऊन, कमरेवर हात ठेवून, बाजाराला निघाल्यासारखे मागून येतात. निकालात त्यांचं नाव शोधायला भिंग लागतं.

संघाच्या मालकांना तेवढंच दिसतं. "तुमचे दाजी पहिल्या पन्नासांत तरी येतात का हो कधी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. पुष्कळ वाद घातला. शेवटी ठरलं की या सांघिक शर्यतीत आम्ही पहिल्या दहांत आलो तर दाजी पुढच्या हंगामात राहतील, नाहीतर त्यांना नारळ.

ताईचा लगेच फोन. "हे बघ, त्यांना सायकलीशिवाय दुसरं काही येत नाही. घरी बसले तर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून सल्ले देतील. तू बघ काय ते."

मी काय बघणार? सरावात शेवटचं वळण आलं की दाजींचं कोपर हललंच.

"दाजी, या वेळी सुटायचं नाही."

"हो रे."

"चौथे तुम्ही असलात तर तुमचीच वेळ धरणार आहेत."

"कळलं, कळलं."

पुढच्या फेरीला पुन्हा कोपर! पालथ्या घड्यावर पाणी. "जित्याची खोड!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. शेवटी त्यांच्या हँडलवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘कोपर नाही.’ दाजींनी ती वाचली आणि लहान मुलासारखी मान डोलावली.

शर्यतीच्या दिवशी एकाचं चाक फुटलं आणि दुसऱ्याचं पोट बिघडलं. अर्ध्या वाटेतच सहाचे चार झाले. म्हणजे आता चौघांनीही पोचायलाच हवं होतं. मागच्या गाडीत मेकॅनिक स्टिअरिंगवर आणि मी रेडिओ घेऊन शेजारी. समोर दाजी असा काही वारा कापत होते की मला बोलायला जागाच नव्हती. शेवटच्या टप्प्यावर आम्ही नववे होतो. नववे! वळण दिसलं, मला आनंद आवरेना, मी रेडिओत ओरडलो, आणि त्याच क्षणी दाजींचं कोपर हललं.

ते बाजूला झाले. कमरेवर हात ठेवला. बाकीचे तिघे बाणासारखे सुटले.

"अहो, काय हे!" मी समोरच्या काचेवर हात आपटला. "सांगून सांगून जीभ झिजली माझी! दाजी, निघा! निघा!"

दाजी दचकले, पेडलवर उभे राहिले, जिवाच्या आकांताने निघाले. पण गेलेला वेग परत कुठून आणायचा? आम्ही अकरावे आलो.

मेकॅनिकने गाडी थांबवली आणि तो समोर बघतच म्हणाला, "साहेब, राग मानू नका. तुम्हीच म्हणालात."

"काय म्हणालो?"

"‘शाब्बास दाजी, सुटा!’"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पट्टी त्यांच्या हँडलवर लावली होती, ती माझ्या तोंडावर लावायला हवी होती. मला इतकी लाज वाटली की गाडीतून उतरवेना.

उतरून गेलो तर दाजी संघाच्या बसच्या पायरीवर बूट काढत बसले होते. चेहऱ्यावर घामाचं मीठ पांढरं झालं होतं. मालक समोरच उभे.

"शेवटी काय झालं हो?"

"माझीच सवय," दाजी म्हणाले. "रेडिओवर हा बरोबर सांगत होता. माझंच लक्ष नव्हतं."

"म्हणजे माझंच म्हणणं खरं होतं."

मी तोंड उघडलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं कोपर हलवलं. ये पुढे, माझं झालं.

असा संताप आला मला! जन्मभर लोकांना आडोसा देऊन या माणसाचं पोट भरलं नव्हतं. आता माझ्यासाठी स्वतःची सायकल सोडायला निघाला होता.

"थांबा," मी मालकांना म्हणालो. "‘सुटा’ असं मीच म्हणालो. मेकॅनिकला विचारा. त्या तिघांनीही ऐकलंय. यांनी फक्त माझं ऐकलं."

मालकांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. "उद्या सकाळी दोघंही भेटा मला," एवढंच बोलून ते गेले.

दाजींनी हातातला बूट जमिनीवर आपटला. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुला सांगितलेलं कधी कळतं का रे? कोपर दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग निघायचं ना पुढे! आता दोघांनाही नारळ मिळाला तर तुझ्या ताईला काय सांगू मी?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. तेवढ्यात आमच्या मधे पडलेला त्यांचा फोन वाजू लागला. ताईच होती.

दाजींनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोपर हलवलं. या वेळी मात्र मी मुकाट्याने फोन उचलला.