हॅमची नात

माझा नवरा गेला तेव्हा पेपरात नीट छापून आलं होतं, दिल्विन प्रिचर्ड, चॅपलमध्ये अंत्यविधी. तरी चॅपल अर्धं रिकामं. गावाला वाटलं, असेल कुणी दुसरा. मग शवपेटीची काळी गाडी आमच्या फाटकातून निघताना खाटीक ह्यूने पाहिली आणि सगळ्या रस्त्याला सांगितलं की अरे, आपला हॅम गेला. तेव्हा कुठे लोक अंगावरच्या कपड्यांनिशी धावले.

लग्नाआधी कधीतरी कुणाच्या मयताच्या जेवणात त्याने हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, दुसऱ्यांदा वाढून घेतला होता, विधवेच्या ताटात काही पडायच्या आत. बस्स. आमच्या गावात एकदा नाव चिकटलं की चिकटलं. पण मला ते फार लागलं. माणूस जन्मभर या मातीत मेंढ्या राखतो आणि मेल्यावर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, म्हणजे काय?

म्हणून माझ्या लेकाला, गेथिनला, मुलगी झाली तेव्हा मी कुणाला विचारलंच नाही. नाव दिल्वेन. आजोबांचंच, पण मुलीचं.

विहीणबाई नेस्टा मध्ये पडल्याच. त्यांना त्यांच्या आईचं नाव हवं होतं. ते एलिन की एलेन, हे त्यांच्या घरातच ठरलेलं नव्हतं. घरच्या बायबलात लिहिलेलं एक, थडग्यावर दुसरं. मी म्हटलं, आधी तुमचं तुम्ही ठरवा. मग म्हणाल्या, दिल्विनच ठेवा की, इंग्लंडात हल्ली मुलींनाही चालतं. चालत असेल इंग्लंडात. इथे आमच्या भाषेत ‘विन’ गडी आणि ‘वेन’ बाई. उद्या माझ्या नातीला पुरुषांच्या गायकवृंदाचं बोलावणं यायला नको. गेथिन नाव नोंदवायला निघाला तेव्हा त्याच्याकडून एकेक अक्षर घोकून घेतलं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मी घरोघरी मनुक्यांचा पाव वाटला आणि प्रत्येकाला बजावलं, दिल्वेन म्हणायचं, दुसरं काही नाही. सगळे हो म्हणाले. पाव खाताना कोण नाही म्हणतो?

आमचे पॅरी पाद्री म्हणजे देवमाणूस, पण प्रवचनाला तीन मुद्दे, आणि तिसरा संपेपर्यंत घरोघरी भट्टीतलं मटण करपतं. पोरीने पहिला मुद्दा शांतपणे ऐकला. दुसऱ्याला तोंड उघडलं. पाद्रींनी आवाज चढवला, तिनेही चढवला. मेन्ना, माझी सून, तिला जोजवून थकली. शेवटी पाद्रींनी कपाळ पुसलं आणि मुद्दा अर्धा टाकून म्हणाले, आमेन. एरवी पेंगत उत्तर देणारं चॅपल असं दणाणलं की खिडक्या हलल्या. त्या रविवारी गावात कुणाचं मटण करपलं नाही.

दारात ह्यूने टोपी काढली, बाबागाडीवर वाकला आणि म्हणाला, "उपकार झाले, आमेनताई."

झालं. माझे सगळे पाव पाण्यात.

आता पोर चार वर्षांची आहे आणि शेंबडं पोरसुद्धा तिला आमेन म्हणतं. परवा संध्याकाळी मी फाटकाशी उभी राहून हाक मारली, दिल्वेन, चहाला चल. ती मेंढ्यांत. मान वर नाही. पुन्हा हाक मारली. विहीणबाई राहायला आलेल्या, बाजूलाच उभ्या. त्यांनी हळूच सुचवलं की आमेन म्हणून पाहा, लगेच येईल. माझं डोकं फिरलं. मरेन पण म्हणणार नाही.

तिसऱ्या हाकेला आली. काठी फरफटत, रमतगमत, अगदी आजोबासारखी.

"पहिली हाक ऐकू आली नाही का गं?"

"आली की. पण दिल्वेन तू एकटीच म्हणतेस. मग मला कळतं, आजी आहे, घाई नाही."

विहीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या ह्यांना दिल्विन कोण म्हणायचं हो?"

मी आठवून पाहिलं. त्याची आई त्याला बाळ्या म्हणायची. भाऊसुद्धा हॅमच म्हणायचे. या फाटकाशी उभी राहून, रोज, चहा गार होईपर्यंत दिल्विन म्हणणारी मी एकटी. आणि तो तिसऱ्या हाकेला यायचा.

पोरीच्या बुटांचा चिखल झटकला आणि तिला आत घेतलं. विहीणबाईंना सांगितलं, आता गावात कुणाला दिल्वेन म्हणायला शिकवायचं नाही, ती हाक माझी एकटीची.